‘घनु वाजे घुणघुणा’ : शेवटच्या कडव्यातील आरशाचा अर्थ कसा लावावा?

रुणझुण (सातारा)

सर्वांना नमस्कार. मी साताऱ्यात गोडोलीला राहते आणि गेली १२ वर्षे घरीच सुगम संगीताचा वर्ग घेते. वर्गात शाळकरी मुली आहेत, तशा मुलाबाळांची लग्ने उरकून निवांत झालेल्या काही ज्येष्ठ स्त्रियाही आहेत. यंदाच्या आषाढी एकादशीसाठी आम्ही ज्ञानदेवांची ‘घनु वाजे घुणघुणा’ ही विरहिणी, म्हणजे विरहात तळमळणाऱ्या स्त्रीच्या तोंडची रचना, बसवत आहोत. हृदयनाथ मंगेशकर यांची चाल आणि लताबाईंचा आवाज यांमुळे ही रचना कानांत इतकी मुरलेली आहे, की सूर आठवताच शब्द आपोआप ओठांवर येतात आणि त्यांचा अर्थ विचारावा असे सुचतही नाही. मलाही इतकी वर्षे सुचले नव्हते.

दुसऱ्या तालमीच्या वेळी चौथीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, चंदनाची चोळी कशी असते? आणि अंगाची पोळी कशी होते?” ‘पोळी’ म्हणजे येथे ‘भाजते’, एवढे मी तिला सांगितले; पण चोळीचे उत्तर देताना अडखळले. त्या रात्री सहाही कडवी वहीत उतरवून काढली आणि जसजशी वाचत गेले तसतसे प्रश्न वाढत गेले. ढग गडगडतो, तो ‘घुणघुणा’ का वाजेल? आकाशात घन दाटलेला असताना लगेच पुढच्या कडव्यात ‘चांद वो चांदणे’ कोठून आले? ‘तुम्ही गातसा सुस्वरे’ हे सख्यांना उद्देशून आहे की कोकिळेला?

परंतु ज्यासाठी हे लिहीत आहे, तो प्रश्न शेवटच्या कडव्याचा आहे.

दर्पणी पाहता रूप न दिसे वो आपुले ।
बाप रखुमादेविवरे मज ऐसे केले ॥

जीव शिवाशी एकरूप झाला, वेगळेपण उरले नाही, म्हणून आरशात आपले रूप दिसत नाही, असे मी एका प्रवचनात ऐकले होते आणि वर्गात तेच सांगत आले. मागच्या गुरुवारी हे सांगत असताना वर्गातल्या एक आजी, ज्यांचे यजमान सैन्यात होते, शांतपणे म्हणाल्या, “नवरा तिकडं सीमेवर असला की आरशात बघावंसं वाटत न्हाई, बाई. बघितलं तरी आपण दिसतच न्हाई. एवढंच हाय ते.” त्यानंतर वर्गात कोणीच काही बोलले नाही. ‘तसे नाही’ असे मला त्यांना म्हणवेना, कारण पाठोपाठ त्यांनी ते कडवे ज्या रीतीने गायले, तसे मला आजवर गाता आलेले नाही.

माझी अडचण गाणाऱ्या माणसाची आहे. त्या ओळीवर आवाज कसा ठेवायचा? भेट झाली असे समजून ठेवायचा, की भेट होतच नाही असे समजून? एका ओळीत दोन्ही अर्थ नांदू शकत असतील, तर ते शब्दांतून कसे निघतात, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

जुने पान (सांगली)

ताई, मी सांगलीत महाविद्यालयात अनेक वर्षे मराठी शिकवले आणि जुनी मराठी हा माझ्या आवडीचा विषय राहिला. भावार्थाकडे जाण्यापूर्वी व्याकरणाचे बोट धरावे, असे मला वाटते, कारण या रचनेतले बरेचसे प्रश्न जुन्या भाषेची रूपे आपण आजच्या सवयीने वाचल्यामुळे उभे राहतात.

तुमच्या विद्यार्थिनीला म्हणावे, की तिने अगदी नेमक्या जागी बोट ठेवले. ‘चोळी’ आणि ‘पोळी’ यांचे यमक जुळले, म्हणून दोन्ही शब्द एका जातीचे होत नाहीत. ‘चंदनाची’ हे स्त्रीलिंगी षष्ठीचे रूप असल्यामुळे त्याच्यापुढे नामच हवे. तेव्हा ‘चोळी’ हे नाम. ‘पोळी’ मात्र ‘करी, धरी, जाळी’ यांच्याप्रमाणे वर्तमानकाळी क्रियापद आहे. आता ही चोळी कापडाची की लेपाची? माझ्या मते लेपाची. चंदनाची उटी अंगाला चोळीसारखी घट्ट लिंपलेली आहे, आणि जे ताप शमवण्यासाठी लावले तेच सर्वांग भाजते आहे. ही कल्पना ज्ञानदेवांच्या काळी नवी नव्हती. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात विरहाने तापलेल्या शकुंतलेच्या उरावर वाळ्याचा लेप आहे, बाराव्या शतकातल्या ‘गीतगोविंदा’त राधेची अवस्था सांगताना सखी म्हणते, ‘निन्दति चन्दनमिन्दुकिरणम्’, म्हणजे ती चंदनाची आणि चंद्रकिरणांचीही निंदा करते. चंदन, चांदणे, फुलांची शेज, कोकिळेचा स्वर या विरहिणीला छळणाऱ्या ठरलेल्या वस्तू ज्ञानदेवांनी संस्कृत काव्यपरंपरेतून उचलल्या आणि मराठी बाईच्या तोंडी घातल्या. ‘वो’ हे आपल्या ‘अगं’सारखे संबोधन आहे आणि ‘भेटवा कां’ यातला ‘कां’ हा प्रश्न नसून आर्जव आहे. आज आपण ‘भेटवा ना’ म्हणू तसा. काही गायक त्या ‘कां’वर प्रश्नार्थक स्वर चढवतात, तेव्हा विनवणीचा सूर हरवतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

घन आणि चांदणे एकत्र कसे, याचे उत्तरही या परंपरेतच मिळते. येथे एका रात्रीचे वर्णन नाही. घन वर्षाऋतूचा, चांदणे शरदाचे, कोकिळा काव्यात वसंताची. ऋतू कोणताही असो, ‘देवकीनंदनेविण नावडे’. वर्षभराचे तळमळणे सहा कडव्यांत आले आहे.

‘वाजे’ या क्रियापदाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. वारा ‘वाजतो’ म्हणजे वाहतो, हा जुना वापर आहे, आणि ‘थंडी वाजते’ असे आपण अजूनही म्हणतो. म्हणजे ‘वाजे’ हा कानाला ऐकू येण्याइतकाच कातडीला जाणवण्याचाही शब्द आहे. पहिल्याच ओळीत आवाज अंगावर येतो, आणि तिसऱ्या कडव्यात ते अंग पोळते.

‘तुम्ही गातसा सुस्वरे’ या कडव्याचा अन्वय दोन प्रकारे लागतो. जुन्या पोथ्यांत आजच्यासारखी विरामचिन्हे नसत, त्यामुळे वाक्य कोठे तोडायचे हे वाचणाऱ्यावरच राहते. ‘बाइयांनो, तुम्ही गोड गाता, माझे ऐकून उत्तरे द्या आणि त्या कोकिळेला मात्र आवरा’ हा अन्वय मला सरळ वाटतो. पहिली ओळ कोकिळेला आणि दुसरी सख्यांना, असे वाचणेही व्याकरणाला सोडून नाही.

राहिला तुमचा मुख्य प्रश्न. क्रियापदांकडे पाहा. ‘भेटवा’, ‘विझवा’, ‘द्यावी’, ‘वर्जावे’ असे सगळे मागणे मागच्या कडव्यांत आहे. शेवटच्या कडव्यात मागणे संपते आणि ‘केले’ असा भूतकाळ येतो. काहीतरी घडून गेले आहे आणि ते रखुमादेविवराने केले आहे, कारण ‘वरे’ ही तृतीया आहे. माझा कल म्हणूनच तुम्ही वर्गात सांगत होतात त्या अर्थाकडे आहे. तरीही प्रांजळपणे नोंदवतो, की ‘माझी ही अशी दशा केली’ अशी तक्रार करणारी स्त्रीसुद्धा ‘मज ऐसे केले’ हेच शब्द वापरील. व्याकरण आपल्याला दारापर्यंत आणून सोडते. आजींना त्या दारातून परत पाठवण्याचा अधिकार त्याला नाही.

टाळकरी (लोणंद)

रुणझुणताईंना आणि सरांना राम कृष्ण हरी. माउलींची पालखी नीरेवर पादुकांना स्नान घालून सातारा जिल्ह्यात शिरते आणि पहिला मुक्काम आमच्या लोणंदला करते. माझे बालपण त्या तळावर टाळ धरण्यात गेले, म्हणून थोडे वारकऱ्याच्या बाजूने लिहितो.

सरांनी काव्यपरंपरा सांगितली, ती मान्यच आहे. परंतु माउली नाथपंथाच्या परंपरेतले होते, हेही सोबत ठेवले पाहिजे. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव असा तो क्रम आहे. योगाच्या वाटेवर आतून ऐकू येणाऱ्या अनाहत नादांची गणना ‘हंसोपनिषदा’त दिली आहे. ‘चिणि’ अशा बारीक आवाजापासून सुरुवात होते, पुढे घंटा, शंख, वेणू, मृदंग असे नाद येतात आणि दहावा, म्हणजे शेवटचा नाद मेघाचा असतो. गडगडणारा ढग बाहेरचा असतो. घुणघुणणारा घन आत असतो, असे आम्हांला कीर्तनातून सांगितले गेले आणि मला ते पटते. ताईंनी विचारले, की ढग घुणघुणा का वाजेल. आकाशातला कदाचित वाजणार नाही. डोळे मिटून बसलेल्याच्या आतला वाजेल.

शिवाय पहिल्याच कडव्यात ‘भवतारकु हा कान्हा’ असे आले आहे. आपल्या पतीची वाट पाहणारी स्त्री त्याला भवसागर तारणारा म्हणणार नाही. माउलींनी गुपित ठेवले आहे आणि आपण ते उकलायचे आहे, अशी ही रचनाच नव्हे; कोणाची वाट पाहतो आहोत, ते तिसऱ्याच चरणात उघड सांगून टाकले आहे.

आरशाविषयी सांगायचे, तर माउलींच्याच ‘चांगदेव पासष्टी’च्या ६५ ओव्यांतही आरशाचा दृष्टान्त आहे. आरशामुळे पाहणारा आणि दिसणारा असे दोन भासतात. आरसा नसला तरी मुख असतेच. येथे तर आरसा आहे, पाहणारीही आहे, आणि तरीसुद्धा रूप दिसत नाही. पाहणारी आणि पाहायचा तो, असे दोन उरले नाहीत, हाच त्याचा अर्थ. आजींच्या दुःखाविषयी मला पूर्ण आदर आहे, पण तो अर्थ या ओळीवर ठेवला तर माउलींनी जेथे आपल्याला नेले, त्याच्या एक पायरी अलीकडेच आपण थांबतो, असे मला नम्रपणे वाटते.

अपशिंगेची सून

माउली, तुमच्या भावनेचा मान राखून माझे म्हणणे मांडते. आमचे गाव अपशिंगे मिलिटरी. गावाच्या नावातच सैन्य आहे आणि घरोघरी कोणी ना कोणी फौजेत असते. माझे यजमान २२ वर्षे नोकरी करून परत आले. त्यांतली पहिली काही वर्षे फोन नव्हता. पत्र यायचे, आणि कधी यायचे ते पोस्टमनलाच माहीत असायचे.

मला हंसोपनिषद माहीत नाही. पण घुणघुणा वाजणारा घन मला माहीत आहे. मृगाच्या आधी कासच्या बाजूने, यवतेश्वराच्या डोंगरामागून ढग सरकू लागतात, तेव्हा सुरुवातीला गडगडाट नसतोच. लांबून, भिंतीपलीकडे कोणीतरी जाते ओढत असावे, तसा एक बारीक, न थांबणारा आवाज येत राहतो. दिवसा तो कामाच्या गडबडीत लक्षातही येत नाही. रात्री सासूबाई झोपल्यावर, पोर कुशीत असताना, तो ऐकू येतो आणि मग झोप येत नाही. ‘घुणघुणा’ हा शब्द ज्यांनी लिहिला, त्यांनी तो आवाज ऐकला असलाच पाहिजे. ऐकल्यावाचून हा शब्द सुचत नाही, असे माझे मत आहे.

उन्हाळ्यात सासूबाई मला म्हणायच्या, अंगाला चंदन लाव, घामोळे बसेल. लावले की घामोळे बसायचे. जो दाह बसायचा नाही, तो कोणाला सांगायचा नसतो. म्हणून ‘माझे सर्व अंग पोळी’ हे उघड, स्पष्ट, सख्यांना सांगितलेले आहे याचे मला फार वाटते. ७०० वर्षांपूर्वी संन्याशाच्या एका तरुण मुलाने बाईच्या अंगाची आग इतक्या नीट शब्दांत लिहिली आणि लाखो लोक ती टाळ वाजवत गातात, पण ती आग आपल्या घरातल्या कोणा बाईची असू शकेल, असे कोणी म्हणाले तर मात्र ती खालची पायरी ठरते. हे मला पटत नाही. अंगाला चटका बसतो म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला जीवाची तळमळ म्हणजे काय ते कोणत्या आधारावर कळणार? पायरी आहे हे मी मानते, पण ती पायरी काढून घेतली तर वर जाताच येणार नाही.

आरशाचे आजींनी सांगितले ते खरेच आहे. आपल्याला कोणी पाहणारे असते, तोवर आपले रूप असते. पाहणारा लांब गेला, की आरशात कपाळ दिसते, कुंकू दिसते, केस दिसतात. आपण दिसत नाही. यजमान रजेवर आले, की दोन दिवसांनी मी पुन्हा दिसू लागायचे.

जुने पान (सांगली)

ताई, तुमचे लिहिणे दोनदा वाचले. मागच्या मजकुरात मी ‘घुणघुणा’ला नीट उत्तर दिले नव्हते, कारण ते मला सापडलेच नव्हते, जात्याच्या आवाजाने ते मिळाले. जात्याची घरघर जवळून वेगळी आणि भिंतीपलीकडून वेगळी, हे आमच्या लहानपणी आम्हीही ऐकले आहे.

एक मुद्दा राहून गेला होता, तो येथे जोडतो. ‘बाप रखुमादेविवरु’ ही ज्ञानदेवांची नाममुद्रा त्यांच्या कितीतरी अभंगांत येते, त्यामुळे गाताना आपण ती केवळ सही म्हणून ओलांडून जातो. या रचनेत तशी ओलांडू नये, असे मला वाटते. पाच कडवी जो प्रियकर आहे, त्याला सहाव्या कडव्यात ‘बाप’ म्हटले आहे. जुन्या मराठीत ‘बाप’ हा थोरवीचा आणि नवलाचाही उद्गार आहे, हे खरे. तथापि ज्ञानदेवांच्या वडिलांचे नाव विठ्ठलपंत आणि आईचे रुक्मिणी होते. संन्यास सोडून संसारात परतल्याबद्दल त्या दोघांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि ही भावंडे लहानपणीच पोरकी झाली. तेव्हा विठ्ठल आणि रखुमाई ही नावे या कवीच्या तोंडी येतात, त्या वेळी देवाइतकीच आणखी कोणाचीतरी वाट पाहिली जात असावी, असे मला या वयात अधिकाधिक वाटू लागले आहे. हे सिद्ध करता येणार नाही आणि वर्गात मी असे कधी शिकवले नाही. टाळकरीबुवांनी राग मानू नये. येथे अर्थाची पायरी खाली किंवा वर आहे असे नाही. ज्यांना हाक मारली आहे, ते दोन्ही त्या एका नावात आहेत.

टाळकरी (लोणंद)

सर, राग कसला? ‘खालची पायरी’ असा अर्थ माझ्या लिहिण्यातून निघाला, याबद्दल अपशिंग्याच्या ताईंची क्षमा मागतो. वारीत चालताना पायाला फोड येतो, तेव्हा तो फोड खरा असतो आणि त्याच पायाने आपण पंढरीलाही पोहोचतो. मी माझे म्हणणे सोडलेले नाही. रूप न दिसणे हे मीपण सरण्याचेच लक्षण आहे, असे मी अजूनही मानतो. पण ते सरण्यासाठी आधी कोणाला तरी इतके पाहावेसे वाटले पाहिजे, हे मी विसरलो होतो.

रुणझुण (सातारा)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल कृतज्ञ आहे. काल तालीम झाली आणि आम्ही काही बदल केले, ते सांगते. ‘भेटवा कां’वरचा चढा स्वर काढून टाकला आणि ‘कां’ हलकेच खाली सोडला. एवढ्यानेच ओळ बदलली. पाचव्या कडव्यात ‘उत्तरे’नंतर श्वास घेऊन थोडे थांबतो, म्हणजे कोकिळेची तक्रार वेगळी ऐकू येते. सुरुवातीला तंबोऱ्यावर काही क्षण कोणीच गात नाही, म्हणजे ‘घुणघुणा’ शब्द येण्याआधी तो आवाज कानात भरलेला असतो. टाळकरीदादांचा आतला घन आणि अपशिंग्याच्या ताईंचा डोंगरामागचा घन, यांतला कोणता ऐकायचा ते ज्याचे त्याने ठरवावे.

चौथीतल्या मुलीला चोळीचा अर्थ सांगितला. सहाणेवर चंदन उगाळून तिच्या मनगटाला लावले, तेव्हा ती म्हणाली, “हे तर गार आहे.” मी म्हटले, “हो, गारच असते.” तिने बराच वेळ विचार केला आणि मग ‘पोळी’ हा शब्द पहिल्यांदाच सावकाश, जपून गायला.

शेवटचे कडवे मी कोणाला शिकवलेले नाही. पाच कडवी सगळ्याजणी मिळून म्हणतील आणि सहावे आजी एकट्या म्हणतील. भाव कोणता ठेवायचा, हे मी त्यांना विचारले नाही आणि सांगितलेही नाही. काल त्यांनी ‘आपुले’ या शब्दावर क्षणभर थांबून ‘बाप’ हा शब्द इतक्या खालच्या स्वरात घेतला, की पेटीवर बसलेल्या मुलीने आपण होऊन भात्यावरचा हात थांबवला.